मागच्या माणसाची गाडी

४ जानेवारी

आई,

खुशाली गृहीत धर. माझी आणि बाबांचीही. हे पत्र कामाचं आहे.

आत्याची मोटरसायकल निकालात निघाली. निकाल मी दिला. ती अजून तुझ्या नावावर आहे, कारण एकवीस वर्षांपूर्वी गाडीचं कर्ज काढताना आत्याची नोकरी कच्ची होती आणि औषधांच्या दुकानातली तुझी पक्की. गाडी तुझ्या नावावर आणि किल्ली तिच्या खिशात, हा कारभार तुम्ही दोघींनी इतकी वर्षं चालवला. तू हे घर सोडून गेलीस तरी कागद बदलायचं कुणालाच सुचलं नाही. आता जुनी देऊन नवी घ्यायची तर मालकाची सही लागते. सोबतच्या दोन कागदांवर पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत, तिथे सही कर. सही तेव्हासारखी हवी, म्हणजे आमच्या आडनावाची. तुला ते आवडणार नाही. कागदाला आवडनिवड नसते.

फोनच का केला नाही, असं विचारशील. मागच्या वेळी तूच म्हणालीस, की फोनवर मी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ एवढ्यातच भागवते, त्यापेक्षा पत्र लिही, निदान शाई तरी संपेल. शाई संपवते आहे.

गाडीचं झालं असं. आत्या गेले काही महिने म्हणत होती, की मागून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ही बाई नोकरीच लिफ्ट तपासण्याची करते; बंद दाराबाहेर उभी राहून आतल्या कप्पीचं काय दुखतंय ते सांगते. मी प्रयोगशाळेतून लाल द्रावण आणलं. ते लोखंडावर लावायचं, पुसायचं, वर पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर लाल रेष उमटते. उमटली. मागच्या सीटखाली, चौकटीच्या डाव्या नळीवर, करंगळीएवढी.

आत्या उकिडवी बसली, बघितलं, हात पुसले.

“वेल्डिंग?”

“करता येईल. पण मी त्यावर बसणार नाही.”

“तुला कोण बसवतंय?” मग म्हणाली, “लिफ्टच्या दोरात एवढी चीर दिसली असती तर मी दाराला सील ठोकलं असतं. ठोक तू.”

माझ्या कामात मी रोज लोकांना त्यांच्या यंत्राबद्दल वाईट बातमी देते. कंपनं मोजायची आणि सांगायचं, की हे टिकणार नाही. शंभरातले नव्व्याण्णव लोक ‘पुन्हा एकदा मोजा’ म्हणतात. आत्याने एकवीस वर्षांच्या गाडीबद्दल ते म्हटलं नाही. किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आत जाऊन चहा टाकला. मला ती त्या क्षणी फार आवडली. तिला सांगितलेलं नाही.

तडा का गेला तेही लिहिते, कारण ते तुझ्याशी संबंधित आहे. तू बसायचीस तिथे तिने सहा वर्षं अवजारांची पेटी बांधली आहे. वजन तुझ्यापेक्षा कमीच. पण खड्डा आला की माणूस नकळत थोडा उचलतो, स्वतःचा भार पायांवर घेतो. पेटी घेत नाही. ती तशीच आदळते. चौकटीला माणसाची सवय होती.

नवी निवडण्यासाठी मी तक्ता केला आहे. लांब पल्ल्याच्या, आरामशीर, भारदस्त अशा चार मोटरसायकली, नऊ निकष, प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे गुण: इंजिन, ब्रेक, वजन, वाऱ्याचा पडदा, सामानाच्या पेट्या वगैरे. मागच्या सीटला शून्य दिलं आहे, कारण तिथे कुणी बसत नाही.

कागद लवकर पाठव.

मापाडी

(आत्याने ठेवलेलं नाव. हल्ली ऑफिसातही चालतं.)


१८ जानेवारी

आई,

सही केली नसशील तर करू नकोस. केली असेल तर कागद पाठवू नकोस. कारण सांगते, पण ते आत्याच्या कानावर जाता कामा नये. तुम्ही दोघी बोलत नाही, म्हणून ते शक्य आहे. तुमच्या भांडणाचा हा पहिलाच उपयोग.

दोन शनिवार आम्ही शोरूम पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी टाय लावलेला विक्रेता आमच्या मागे दाराकडे बघत राहिला.

“सर गाडी लावून येतायत का?”

“सर नाहीत. कधीच नव्हते,” आत्या म्हणाली. “गाड्या दाखवा.”

“बरं, बरं. कुणासाठी बघताय, मॅडम?”

“मागच्या माणसासाठी.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वेगाच्या काट्याकडे बघितलं. तिचे विनोद मी समजावून सांगत नाही.

तक्त्यात पहिली आलेली गाडी तिथे होती. तिच्याबद्दल लिहायलाच हवं. दोन सिलिंडर, पाण्याने थंड राहणारं इंजिन, साखळीच्या जागी पट्टा, त्यामुळे तेलाचा डाग नाही की खडखड नाही. सुरू केल्यावर मी आरसा बघितला. आरशातली ट्यूबलाइट हलली नाही. इतक्या मोठ्या इंजिनाचा थरथराट कुणीतरी कुठेतरी बसून, वर्षानुवर्षं विचार करून, मुळातच मारून टाकला होता. ज्याने केलं त्याला मी कधी भेटणार नाही, पण त्याचं काम मला वाचता आलं. पगार मिळत नसता तरी मी हेच शिकले असते, असं अशा वेळी वाटतं.

आत्याने हँडलला हातही लावला नाही. ती सरळ मागच्या सीटवर चढायला गेली.

आणि मी ते बघितलं. डावा पाय पायदांडीवर ठेवून ती उभी राहिली आणि उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकताना अडली. खुब्यात वाकतच नव्हता. तिने सीटला धरून अख्खं शरीर डावीकडे झुकवलं, पाय सरळच्या सरळ फिरवला, सीटमागच्या, पाठ टेकायच्या टेकूला बूट आपटला. विक्रेत्याचा जीव टेकूच्या क्रोमवर. “मॅडम, पुढे बसा ना, पुढून मजा आहे.”

“पुढची मजा मला माहीत आहे,” ती म्हणाली. “ही उंच आहे. पुढची दाखवा.”

दुसऱ्या शोरूममध्ये तेच. तिसऱ्यात तेच. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी हाडांच्या वॉर्डात चार दिवस बसले आहे. न वाकणारा खुबा मला ओळखता येतो. खरं सांगायचं तर ती अगदी तुझ्यासारखी चढत होती. तू दवाखान्याच्या बसची पायरी चढायचीस तशी.

घरी दोरीवर क्रेप बँडेज वाळत होतं. विचारलं.

“आत्या, पाय दुखतोय?”

“कुणाचा?”

“तुझा. बँडेज कशाला मग?”

“बँडेज कशालाही लागतं. पाय माझा, पंचनामा तुझा?”

ती लपवते आहे. ती चोपन्न वर्षांची आहे आणि अडीचशे-तीनशे किलोची गाडी घ्यायला निघाली आहे. उतारावर थांबली, गाडी कलली आणि उजवा पाय वेळेवर टेकला नाही, तर काय होईल याचं गणित मी केलं. इथे लिहीत नाही.

तिला मी थांबवू शकत नाही. ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि तिच्या बापाचंही ऐकलं नव्हतं असं तूच सांगायचीस. पण तुझ्या सहीशिवाय जुनी जात नाही, आणि जुनी गेल्याशिवाय ती नवी आणणार नाही. अंगणात दोन गाड्या ठेवणं तिच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून सही रोखून धर. पोस्टाला दोष देऊ. तोवर मी तिला डॉक्टरकडे नेते. तिला न सांगता नेणार आहे. कसं, ते ठरवलेलं नाही.

मी घाबरलेली नाही. फक्त आकडे चांगले नाहीत.

मापाडी


१ फेब्रुवारी

आई,

सही कर.

मागचं पत्र फाडून टाक, किंवा ठेव. चुकीचं निदान कसं होतं याचा नमुना म्हणून चांगलं आहे. क्रमाने सांगते.

काल चौथी आणि शेवटची गाडी बघायची होती. शोरूमच्या वरच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर बसतात. मी आधीच नंबर लावून ठेवला होता. शोरूममध्ये पोचताच आत्या नेहमीप्रमाणे “हात धुऊन येते” म्हणून गेली आणि आली ती आखडलेल्या पायाने. गाडीवर चढून बघितलं. या वेळी ती बूट न आपटता पलीकडे गेली. पाय लांब सोडून मागे टेकून बसली. उतरली, पुन्हा चढली. मग विक्रेत्याला म्हणाली, “हा मागचा टेकू काढता येतो का?”

“येतो की. पाना लागत नाही, नुसता खटका आहे.”

“म्हणजे माणूस आधी बसवायचा आणि टेकू नंतर लावायचा.”

“तसं कुणी करत नाही, मॅडम.”

“करता येतं ना?”

मी तिला म्हटलं, वर जरा एका सहकाऱ्याला भेटायचंय, दोन मिनिटं चल. ती आली. दारावरची पाटी वाचून तिने माझ्याकडे जे बघितलं ते लिहिता येत नाही. पण आत डॉक्टरांनी “या, बसा” म्हटलं होतं, आणि ती कुणाचा अपमान करत नाही. निदान अनोळखी माणसाचा तरी.

डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी तिला झोपवलं आणि उजवा पाय गुडघ्यात धरून वर उचलायला गेले. थोडा उचलला आणि अडला. त्यांनी भुवया वर केल्या. मी मनात म्हटलं, बघ.

मग त्यांनी पँटवरून मांडीवर बोट वाजवलं. टण आवाज आला.

“हे काय आहे, बाई?”

आत्या उठली. पडद्याआड जाऊन तिने जे काढून आणलं ते क्रेप बँडेजचं भेंडोळं आणि एक स्टीलची पट्टी. पोटापासून मांडीपर्यंत उभी, जरा सैल बांधलेली, खुबा ठरावीक कोनापलीकडे वाकू नये म्हणून. पट्टी माझी होती. प्रयोगशाळेचा नंबर चिकटवलेली, तपासून प्रमाणित केलेली. ती मी जानेवारीच्या सुरुवातीपासून शोधत होते आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसावर संशय घेऊन बसले होते.

“ही कुठली उपचारपद्धती?” डॉक्टरांनी विचारलं.

“उपचार नाही. चाचणी आहे,” आत्या म्हणाली. “माझे पाय ठणठणीत आहेत. माझ्या वहिनीचा उजवा खुबा बदललाय. तिला चढता येईल अशी गाडी बघत होते. ती काही इथे नाही चढून बघायला. म्हणून मी तिचा पाय घेतला.”

डॉक्टरांनी तिचे दोन्ही पाय तपासले आणि म्हणाले, घोड्यासारखे आहेत. मग त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि तुझ्याबद्दल विचारलं: ऑपरेशन कधी झालं, चालते कशी, जिने चढते का. माझ्याकडून आकडे घेतले. म्हणाले, दीड वर्ष झालंय, तिच्या सर्जनला विचारा, पण पाय फार दुमडावा लागला नाही, चढताना पिळवटला नाही आणि दर तासाला उतरवलंत, तर बसायला हरकत दिसत नाही. आत्याने ‘दर तासाला’ दोनदा म्हणवून घेतलं. फी घ्यायला ते तयार नव्हते. म्हणाले, पेशंट आलाच नाही तर फी कसली.

खाली येऊन आम्ही शोरूमसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मी माझी पट्टी पर्समध्ये ठेवली.

“तुला कसं कळलं तिचा पाय किती वाकतो ते?”

“तूच सांगितलंस. हॉस्पिटलातून आलीस त्या दिवशी. मी विचारलं कशी आहे, तर म्हणालीस, नव्वद अंश. दुसरी मुलगी असती तर म्हणाली असती, बरी आहे.” तिने चहात फुंकर मारली. “तुझं उत्तर मला उपयोगी पडलं.”

“तिला विचारलंस? येणार आहे का ती?”

“नाही विचारलं.”

“मग?”

“मग काय. जागा असली तर विचारता येतं. जागाच नसताना काय विचारायचं?”

आई, आता मला सहा वर्षांपूर्वीची ती घरातली बैठक लिहावी लागणार. तू आणि मी त्याबद्दल कधी बोललो नाही. मी शेजारच्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. मोठे काका म्हणाले, “हिचा पाय घरात ठरत नाही, हेच सगळ्याचं मूळ.” मग ते आत्याकडे वळून म्हणाले, “तू तर हिच्याबरोबर असायचीस. तू सांग.” गाडीवरची प्रत्येक सहल आत्याने काढलेली होती. नकाशे तिचे, रजा तिच्या सोयीने, आणि तू निम्म्या वेळा ‘या खेपेला नको’ म्हणायचीस. तिने तेवढं एक वाक्य सांगायचं होतं. ती बोलली नाही. मग तू म्हणालीस, “वन्सं, गाडीवर शंभर मैल माझं डोकं खाता, आणि आज दहा मिनिटं झाली, तुमची वाचा बसली का?” आणि उठलीस.

मी तिला टपरीवर विचारलं, तेव्हा का गप्प बसलीस.

ती म्हणाली, “भाऊ समोर बसला होता. वाटलं, एकाची बाजू घेतली तर दुसरा जाईल. गप्प बसले. ज्याची बाजू घेतली नाही तो गेला.” मग म्हणाली, “चहा थंड झाला तुझा.”

मी काय शिकले ते सांगते, कारण हे मला सांगता येतं. माझ्या प्रयोगशाळेचा नियम आहे, की यंत्र प्रत्यक्षात जो भार वाहणार तोच भार लावून तपासायचं. मी चार गाड्या तपासल्या, नऊ निकष लावले, आणि भारच चुकीचा धरला. तिने एकच निकष लावला. स्वतःच्या मांडीला लोखंड बांधून, अनोळखी लोकांसमोर लंगडत, ती तीन आठवडे तुझ्या वतीने गाड्यांवर चढत होती आणि तुझ्या वतीने नापास करत होती. मी इतकी शुद्ध चाचणी बघितलेली नाही.

घरी येऊन मी तक्त्यात मागच्या सीटचं शून्य खोडलं. पहिली गाडी तिसऱ्या नंबरावर गेली. कालची पहिली आली.

तिने हे तुला सांगू नकोस असं म्हटलेलं नाही. मी विचारलंही नाही.

मापाडी


२२ फेब्रुवारी

आई,

कागद मिळाले. जुन्या सहीतला शेवटचा फाटा अजून तसाच वर जातो.

सोबतच्या चिठ्ठीत तू दोनच वाक्यं लिहिलीस: “सह्या केल्या आहेत. मागची सीट किती उंच?” मी ती चार वेळा वाचली. मोजण्याचं वेड माझ्यात बाबांकडून आलं असं सगळे म्हणतात. बाबांना स्वतःच्या बुटाचा नंबर सांगता येत नाही.

उत्तर: एकाहत्तर सेंटिमीटर. तुझ्या दुकानातल्या काउंटरमागच्या स्टुलाहून किंचित जास्त; ते स्टूल मी भेटीला आले तेव्हा डोळ्यांनी मोजलं होतं. डावी पायदांडी जमिनीपासून तेहतीसवर, म्हणजे तुला आधी त्याखाली एक पायरी लागेल. ती आत्याने करून घेतली आहे. लिफ्ट बसवणाऱ्या एका माणसाकडून, दुमडणारी, उजव्या पेटीत मावणारी. तिच्यावर तिने दोनशे किलोचा भार ठेवून बघितला. तू पंचावन्न आहेस हे मी सांगितलं. ती म्हणाली, लिफ्टला आम्ही असंच धरतो. आतला माणूस सगळ्यात महाग.

गाडीबद्दल. रंग गडद निळा, जवळजवळ काळा, उन्हात गेल्यावरच निळा कळतो. इंजिन पहिलीपेक्षा लहान, पण चढावर ओढ अशी की गिअर न बदलता वर जाते. आवाज खालच्या पट्टीतला. आपल्या दारातून आत्या निघाली की समोरच्या इमारतीतले निवृत्त मास्तर बाल्कनीत येतात आणि पेपर वाचायचं नाटक करतात. परवा त्यांनी पेपर उलटा धरला होता. आत्याने खालून ओरडून सांगितलं, “मास्तर, बातमी पालथी झाली!” त्यांनी पेपर सरळ केला नाही. गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

जुनी मागच्या आठवड्यात गेली. आत्याने ती शेवटपर्यंत स्वतः ढकलत नेली, चालवू दिली नाही मी. शोरूमच्या मागच्या फाटकाशी तिने टाकीवर एकदा हात ठेवला आणि त्यांच्या माणसाला म्हणाली, “हिला कुणाला विकू नका. सुटे भाग करा. मागची चौकट कापून टाका, म्हणजे कुणी त्यावर बसणार नाही.” तो म्हणाला, “बाई, भंगारात का होईना, पैसे येतील ना चौकटीचे.” तिने त्याला तडा दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बोट मात्र बरोबर जागेवर होतं.

काल मी पहिल्यांदा तिच्या मागे बसले. इतकी वर्षं मी बसले नव्हते, तुला माहीत आहे. ती तुझी जागा होती, आणि नंतर ती रिकामी जागा होती. मोजणी करायची होती म्हणून बसले. सीटखाली कंपन मोजणारं उपकरण लावलं. आकडे उत्तम आहेत. पण आकड्यांच्या पलीकडेही काही कळलं. मागून रस्ता दिसत नाही. समोर फक्त तिची पाठ. खड्डा येण्याआधी ती खांदे किंचित सैल सोडते. तिला ते ठाऊक नसावं. ती इशारा देते आणि मागचा माणूस आपोआप पायांवर भार घेतो. पेटीला हे कळत नव्हतं. तू पंधरा वर्षं तिथे बसलीस आणि एकदाही तिची कंबर धरली नाहीस, ते का, हे मला काल कळलं.

आणि ती बोलते. वाऱ्यात, मान अर्धी वळवून, अखंड. अमक्या गावची लिफ्ट, तमक्या सोसायटीचे चेअरमन, तिच्या कॉलेजातला एक मुलगा जो आता टक्कल घेऊन मंत्रालयात बसतो. पहिल्या थांब्यावर तिने मला मागून पाठीवर मारायच्या थापा शिकवल्या.

“एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब.”

“आणि तीन?”

“तीन तुला नाहीत. तीन वहिनीच मारायची.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे, वन्सं, आता तोंड बंद.” हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, “उभ्या आयुष्यात तिचं माझ्याकडे एवढंच एक मागणं होतं. आणि मी ते नको त्या दिवशी पुरवलं.”

तुझ्या सर्जनला विचार. डॉक्टरांनी सांगितलेलं वेगळ्या कागदावर लिहून पाठवते आहे, फोटोही. तू ये म्हटलेलं नाहीस. येऊ नका असंही म्हटलेलं नाहीस. तिसरा अर्थ मी काढणार नाही, मला तो काढता येत नाही.

मापाडी


१४ मार्च, संध्याकाळ

आई,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. का, ते शेवटी.

मी एका लॉजच्या खोलीत आहे. खिडकीतून अंगण दिसतं. आत्या खाली गाडी पुसते आहे. खरं म्हणजे गाडी स्वच्छ आहे. ती मागची सीटच पुसते आहे, आणि लॉजचा मालक बाजूला उभा राहून तिला इंजिनाबद्दल प्रश्न विचारतो आहे. ती उत्तरं देते, पण एकेका शब्दात. हे नवीन आहे.

तुझं कार्ड सोमवारी आलं. “डॉक्टर म्हणाले चालेल. तासाला उतरायचं. मी काही ठरवलेलं नाही.” आत्याने ते वाचलं, टेबलावर ठेवलं, भांडी घासली, परत येऊन वाचलं. म्हणाली, “ठरवलेलं नाही म्हणते.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग आपण जाऊन तर येऊ. तिला ठरवायला समोर काहीतरी दिसायला हवं.” आणि आठ दिवसांची रजा टाकली.

आज दिवसभर गाडीवर होतो. गाडीबद्दल आता माझी काही तक्रार उरलेली नाही. घाटात एका वळणावर मागून ट्रक आला, समोरून बस, आणि आत्याने त्या दोघांच्या मधून गाडी अशी काढली, की मला ब्रेक लागल्याचं कळलं ते फक्त तिच्या खांद्यांवरून. मी इतकी माणसं यंत्रं चालवताना बघते. बहुतेक यंत्राशी भांडतात, काही त्याला घाबरतात. ती त्याला बरोबर घेऊन जाते. दर तासाला ती थांबत होती. मी म्हटलं, “मला उतरायची गरज नाही, माझे खुबे मूळचे आहेत.” म्हणाली, “तुला नाही उतरवत. मी सवय करतेय.”

दुपारनंतर ती बोलायची थांबली.

आधी मला वाटलं दमली. मग दोनदा मला हेल्मेटच्या आतून आवाज आला, आणि मी पुढे झुकून ऐकलं. ती एकच वाक्य म्हणत होती, पुन्हा पुन्हा, शब्द इकडचे तिकडे करून. लिफ्टच्या अहवालातल्यासारखं सरळ वाक्य होतं. ते मी इथे लिहीत नाही. ते माझं नाही, आणि ती ते तुझ्यासमोर बहुतेक वेगळंच म्हणेल. काका त्यात आहेत एवढं सांगते. सहलींचाही उल्लेख आहे.

लॉजवर उतरल्यावर मला म्हणाली, “मापाडी, ती दार उघडेल ना?”

मी आजवर तिला कधीही ‘माहीत नाही’ म्हणून सोडलेलं नाही. आकडा नसला तर अंदाज देते. म्हटलं, “जिने सीटची उंची विचारली ती दार उघडेल.”

ती हसली नाही. पण जेवली नीट.

आता व्यवस्था. उद्या दुपारपर्यंत आम्ही तुझ्या दाराशी असू. मी एकटी वर येईन, हे पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत जिन्यात थांबेन. आत्या खाली गाडीपाशी असेल. तिला वर बोलवायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी खाली जाऊन सांगेन आणि आम्ही जशा आलो तशा परत जाऊ. तू ते खिडकीतून बघू नकोस एवढंच माझं म्हणणं आहे.

बोलावलंस तर तिला तिचं वाक्य पुरं करू दे. ती चुकेल, मागे जाईल, मध्येच एखादी लिफ्ट आणेल. तरी तीन थापा मारू नकोस. दहा मिनिटं थांब. दहा मिनिटं ती तुला देणं लागते.

मी सुट्टी दोनच दिवसांची घेतली आहे. परतीचं माझं तिकीट उद्या संध्याकाळच्या बसचं आहे, काढून ठेवलेलं, खिडकीजवळचं. आत्याला ते माहीत नाही. तिला वाटतं मी तिच्याबरोबरच परत निघेन. तिची रजा आणखी सहा दिवस आहे, नकाशा डाव्या पेटीत आहे, आणि मी बसले नाही तर मागची सीट रिकामी आहे. अवजारांची पेटी आम्ही घरी ठेवून आलो आहोत.

चढायचं डाव्या बाजूने. पायरी मी लावून देईन. उजवा पाय घाईने फिरवू नकोस, टेकू तेव्हा काढलेला असेल, त्यामुळे आपटणार नाही. तू नीट बसलीस की तुझ्या पाठीमागे तो मीच लावेन. खटका वाजल्याचं ऐकेन, आणि मगच माझी बस पकडायला जाईन.

तुझी
मापाडी